मानमोडी नक्की कुठून आली? 'एक जुना वाचक' यांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली तेव्हा झोंबली. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली, तेव्हा कळलं की तिच्यातल्या एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंय. म्हणून चार ओळींत न आटपता सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीच्या उगमावर मी लिहिलं. अमेरिकेतलं कॅन्सस राज्य, फ्रान्समधलं एताप्ल आणि उत्तर चीन अशी तीन ठिकाणं सांगितली, तिन्हींवर शंका घेतली आणि 'ठामपणे सांगता येत नाही' म्हणून लेख संपवला. यावर तुम्ही म्हणता, "एवढं दळण दळलंत, पीठ कुठाय?" पुढे म्हणता की कॅन्ससच्या छावणीतला स्वयंपाकी हा जगातला पहिला रुग्ण होता हे मीच मागच्या वर्षी लिहिलं होतं, मग आता माघार का? विषाणूचे जनुक 2005 मध्येच पूर्ण वाचून झालेत, मग अजून गूढ कसलं? आणि मुंबईत ताप जहाजातून आला हे खुद्द आरोग्य अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय, तुमचे गोदीत कारकून असलेले आजोबाही तेच सांगायचे, मग तिथे 'वाद आहे' म्हणायची गरज काय?

स्वयंपाक्याबद्दल माझी चूक कबूल. मागच्या वर्षी मी लिहिलं होतं की 4 मार्च 1918 ला कॅम्प फन्स्टनमधला अल्बर्ट गिचेल सकाळी ताप घेऊन दवाखान्यात गेला, दुपारपर्यंत शंभराच्या वर सैनिक आडवे झाले आणि महासाथ सुरू झाली. गोष्ट छान आहे, सांगायला सोपी आहे, म्हणून मीही सांगितली. आता तिचा हिशेब मांडा. फ्लूची लागण झाल्यापासून ताप चढेपर्यंत एक ते चार दिवस जातात. सकाळच्या रुग्णाकडून दुपारच्या शंभरांना ताप येणं शक्यच नाही. ही गोष्ट खरी धरली तरी तिच्यातून एवढंच निघतं की विषाणू छावणीत आधीपासून फिरत होता आणि गिचेल बापडा त्या दिवशी रांगेत पुढे उभा होता. पुढच्या तीन आठवड्यांत तिथे अकराशेहून अधिक सैनिक इस्पितळात दाखल झाले, ते मात्र पक्कं आहे.

पहिल्या रुग्णाचा हा मोह जुनाच. एड्सच्या बाबतीत कॅनडाच्या एका विमान कर्मचाऱ्याला जगाने 'पेशंट झीरो' म्हणून बदनाम केलं. मुळात अभ्यासकांनी त्याला इंग्रजी 'ओ' हे अक्षर दिलं होतं, 'कॅलिफोर्नियाबाहेरचा' अशा अर्थाने. कोणीतरी ओचं शून्य वाचलं. 2016 मध्ये जुन्या रक्तनमुन्यांचे जनुक तपासले तेव्हा दिसलं की विषाणू 1970 च्या आसपासच न्यूयॉर्कमध्ये पोचलेला होता आणि तो माणूस हजारोंपैकी एक होता. तोवर त्याला जाऊन बत्तीस वर्षं झाली होती.

आमच्या गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची आठवण इथे येते. आजीचा जन्म कधीचा हे शोधायला मी एकदा ते बुक पाहिलं होतं. घरात सांगायचे, 'मानमोडीच्या साली, दिवाळीच्या आगेमागे.' त्या काळची पानं उघडली तर ऑक्टोबरपर्यंत एकामागून एक 'ताप', 'ताप', 'ताप' असा रकाना भरलेला आणि मग चक्क काही आठवडे कोरे. त्या आठवड्यांत गावात कोणी मेलं नाही असं नव्हे. लिहिणाराच अंथरुणाला खिळला असणार. पुढे अक्षर बदललं. आजीची नोंद नाहीच. आजी नव्वदीपर्यंत जगली, बुकाच्या लेखी ती जन्मलीच नाही. तेव्हापासून कुठल्याही यादीतलं पहिलं नाव पाहिलं की मी आधी विचारतो, यादी कोण लिहीत होतं आणि त्याने कधीपासून लिहायला घेतली?

हाच प्रश्न घेऊन कॅन्ससला जाऊ. हॅस्केल परगण्यातले डॉक्टर लोरिंग मायनर हे तसे लिहिणाऱ्यांतले. 1918 च्या सुरुवातीला त्यांना नेहमीपेक्षा फार तीव्र इन्फ्लुएन्झाचे रुग्ण दिसले. धडधाकट तरुण पटापट कोसळत होते. हा आजार सरकारला कळवण्याचं बंधन तेव्हा नव्हतं, तरी त्यांनी कळवलं आणि एप्रिलच्या सरकारी आरोग्य पत्रिकेत ते छापून आलं: तीव्र स्वरूपाचे 18 रुग्ण, 3 मृत्यू. तिथली पोरं भरती होऊन तीनेकशे मैलांवरच्या फन्स्टन छावणीत जात होती, सुट्टीवर घरी येत होती. अमेरिकी लेखक जॉन बॅरी यांनी 2004 मध्ये हा धागा जोडला, आणि धागा चांगला आहे. पण न्यूयॉर्क शहराचे मृत्यूचे आकडे नंतर वयोगटांनुसार मांडले गेले, तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिल 1918 मध्येच म्हाताऱ्यांऐवजी तरुण मरू लागल्याचं दिसलं. 1918 च्या फ्लूची हीच खूण. न्यूयॉर्कमध्ये तो फेब्रुवारीत असेल तर मार्चमधली फन्स्टन छावणी उगम कशी? हॅस्केलमधून थेट न्यूयॉर्कला गेला असेल, किंवा दोन्हीकडे तिसरीकडूनच आला असेल. मायनर नसते तर हॅस्केलचं नाव आज कोणाला ठाऊक नसतं. शेजारच्या दहा परगण्यांत तसाच ताप असेल आणि तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं नसेल, तर आपण काय करणार?

एताप्लबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण मला ते सर्वांत अस्वस्थ करणारं ठिकाण वाटतं. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरची ब्रिटिश फौजेची अवाढव्य छावणी: एकाच वेळी लाखभर सैनिक, इस्पितळांच्या रांगा, खाण्यासाठी पाळलेली डुकरं आणि कोंबड्या-बदकं. 1916-17 च्या हिवाळ्यात तिथल्या डॉक्टरांनी 'पूयुक्त ब्राँकायटिस' असं नाव देऊन एक आजार नोंदवला. फुप्फुसं पुवाने भरलेली आणि चेहरा जांभळट-निळा पडत जाणारा. 1917 मध्ये त्यावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेखही आला. 1918 च्या शरद ऋतूतल्या रुग्णांचं वर्णन हुबेहूब असंच आहे. विषाणुतज्ज्ञ जॉन ऑक्सफर्ड यांनी म्हणूनच एताप्लकडे बोट दाखवलं. मला फक्त एक कळत नाही. असा जहाल विषाणू 1917 च्या आरंभी लाखभर माणसांत शिरला असेल, तर तो पुढे वर्षभर गप्प का बसला? छावणीतून माणसं रोज इंग्लंडला जात होती. एक उत्तर असं देतात की तेव्हा तो माणसांत नीट रुळला नव्हता, वर्षभरात रुळला. शक्य आहे. तपासायला त्या सैनिकांच्या फुप्फुसाचा तुकडा हवा.

चीनचं थोडक्यात सांगतो. 1917 च्या अखेरीस उत्तर चीनमध्ये श्वसनाचा एक आजार पसरला आणि त्याच सुमारास हजारो चिनी मजूर कॅनडामार्गे बंद रेल्वेगाड्यांतून युरोपच्या आघाडीवर नेले गेले. दुवा आकर्षक आहे. पण चीनमधल्या त्या साथीचं निदान तेव्हाच फुप्फुसाचा प्लेग असं झालं होतं, आणि फ्रान्समधल्या मजुरांत फ्लू इतरांच्या आधी पसरल्याची नोंद नाही. तिन्हींत मला हा दावा सर्वांत कच्चा वाटतो. स्पेनचं तर नावच फुकट खराब झालं. तो देश युद्धात तटस्थ होता, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर नव्हता, राजा अल्फोन्सो आजारी पडला तर ते छापून आलं. म्हणजे तिथेही लिहिणाराच गोत्यात आला.

आता तुमचा जनुकांचा मुद्दा. तो खरा वजनदार आहे. 1918 मध्ये विषाणू कोणी पाहिलाच नव्हता. त्या वेळचे डॉक्टर 'फायफरचा जिवाणू' नावाच्या जंतूला दोष देत होते. माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढला गेला तो 1933 मध्ये, लंडनला, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांत. तोवर 1918 चा विषाणू मूळ रूपात नाहीसा झाला होता. तो परत सापडला दोन वाटांनी. एक म्हणजे अमेरिकी लष्कराच्या रोगनिदान संस्थेच्या कपाटात मेणात गाडलेले, 1918 मध्ये मेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसाचे नखाएवढे तुकडे. जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने 1997 मध्ये त्यांतून जनुकांचे पहिले तुकडे काढले.

दुसरी वाट योहान हुल्टिन या माणसाची. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या वस्तीत नोव्हेंबर 1918 मध्ये 80 पैकी 72 माणसं पाच दिवसांत मेली आणि गोठलेल्या जमिनीत पुरली गेली. हुल्टिन 1951 मध्ये विद्यार्थी असताना तिथे गेला, नमुने आणले, विषाणू वाढवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेहेचाळीस वर्षांनी टॉबेनबर्गर यांचा लेख वाचून बहात्तराव्या वर्षी गडी पुन्हा तिथे गेला, गावच्या पंचांची परवानगी घेऊन, बायकोची बागेतली कात्री बरोबर घेऊन! एका स्थूल बाईची फुप्फुसं अंगावरच्या चरबीमुळे टिकलेली मिळाली. (सेवानिवृत्तीनंतर काय करावं असं मला विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. बायकोला आवडत नाही.)

2005 मध्ये आठही जनुकखंड वाचून झाले. मग उगम का कळत नाही? कारण जनुक काळ बरा सांगतात, ठिकाण सांगायला कच्चे. संशोधक मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलं की या विषाणूचा एच-1 हा भाग (त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा जनुक) 1907 च्या सुमारापासून माणसांत असावा आणि 1918 च्या थोडं आधी त्याने पक्ष्यांच्या फ्लूचे इतर जनुक उचलले असावेत. टॉबेनबर्गर यांचा कल वेगळा होता, सगळाच विषाणू पक्ष्यांकडून आला असं ते म्हणत. ठिकाण ठरवायला तुलनेसाठी त्याच काळातले आणखी विषाणू हवेत, वेगवेगळ्या देशांतले, माणसांचे, डुकरांचे, पक्ष्यांचे. एचआयव्हीच्या बाबतीत कॅमेरूनच्या आग्नेय भागातल्या चिंपांझींपर्यंत पोचता आलं, कारण ते चिंपांझी आणि त्यांचा विषाणू आजही तिथे आहे, शिवाय किन्शासातले 1959 आणि 1960 चे नमुने हाती आले. 1918 साठी असं काय आहे? अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहात अल्कोहोलमध्ये ठेवलेला, 1917 साली पकडलेला एक बदकवर्गीय पक्षी. त्यातला विषाणू तपासला, तर त्याचा एच-1 माणसातल्या 1918 च्या एच-1 शी फारसा जुळला नाही. पुढे 2011 मध्ये 68 अमेरिकी सैनिकांचे शवविच्छेदनाचे नमुने तपासले तेव्हा मे ते ऑगस्ट 1918 दरम्यान मेलेल्या चौघांत विषाणू सापडला, म्हणजे शरदातल्या मोठ्या लाटेच्या महिनोन्‌महिने आधी. मेच्या मागे मात्र हातात काही नाही. हॅस्केलच्या त्या तिघांची फुप्फुसं कोणी जपून ठेवली नाहीत, एताप्लची सापडलेली नाहीत.

तेव्हा माझ्या 'सांगता येत नाही'मध्ये थोडं पीठ आहे. उगम 1918 च्या वसंतातला नाही, त्याआधीचा आहे. स्पेन नाही. चीन बहुधा नाही. पैज लावायची वेळ आली तर मी उत्तर अमेरिकेवर लावीन, पण घर गहाण ठेवून नाही.

उरली मुंबई. तुम्ही म्हणता ते खरंय, आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी लिहून ठेवलं की मे अखेरीस आलेल्या जहाजाने हा ताप आणला. 'रात्रीच्या चोरासारखा आला' हे त्यांचंच वाक्य. 10 जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, त्यातला एक गोदीवरचा. मग पोर्ट ट्रस्ट, टांकसाळ, तार ऑफिस, गिरण्या. वाटा आणि तारखा दोन्ही जुळतात. पण सरकारचं म्हणणं नेमकं उलट होतं: खलाशांनीच मुंबईतून ताप घेतला. सरकारला तसं म्हणण्यात सोय होती हे उघड आहे, युद्धाची जहाजं कोण अडवणार? आणि गावात बाहेरून रोग आला म्हणण्यात नगरपालिकेच्या अधिकाऱ्याचीही थोडी सोय असते, हेही विसरू नका. मेसोपोटेमियाच्या आघाडीची सगळी ये-जा मुंबईतून चालू होती, रोज बोटी लागत होत्या. ताप समुद्रावाटे आला याबद्दल मला शंका नाही, युरोपात तो त्याआधीच पसरला होता. शंका आहे ती 'त्याच' जहाजाबद्दल. गोदीतले हमाल मेमध्येच तापले असतील तर त्यांची नोंद कोण करणार होतं? पोलिसांना निदान स्वतःचं इस्पितळ होतं. पुढे 6 ऑक्टोबरला एका दिवसात 768 माणसं गेली, तेव्हा कुठल्या बोटीने काय आणलं हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

मागच्या वर्षीच्या लेखातलं स्वयंपाक्याचं वाक्य आजच बदललंय, खाली तारीख टाकून, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

आणि एक विनंती. तुमचे आजोबा गोदीत कारकून होते म्हणालात. त्यांची घरी पाठवलेली पत्रं, हजेरीची वही, पगाराची पावती, असं काही घरात उरलंय का? मे 1918 चं, तारखेसकट. एखाद्या पत्रात 'इथे सगळ्यांना ताप आहे' एवढं जरी निघालं तरी कळवा, मी तिकडे येऊन पाहीन.