पांढऱ्या गाडीचं पॉलिश: त्या फॉरवर्डला उत्तर

पावसाळा सरला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि दोन दिवसांत तिघांनी मला थांबवून विचारलं, हे खरं का? मेसेज थोडक्यात असा: पांढऱ्या गाडीला मशीन पॉलिश कधीही करू नका, दर पॉलिशला रंगाचा एक थर निघून जातो. पुरावा हवा तर मशीनला लावलेलं स्पंजचं पॅड बघा, पांढरं झालेलं असतं. पांढऱ्यावर ओरखडे दिसतच नाहीत, मग खर्च कशाला? नारिंगी ठिपके आले असतील तर पत्रा आतून गंजलाय, गाडी काढून टाका. नाहीतर टूथपेस्टने घासा, वरून रॉकेलचा हात मारा, गाडी नव्यासारखी होते.

सगळ्यात आधी नारिंगी ठिपके. कारण या एका वाक्यापायी माझा मावसभाऊ चांगली चालणारी गाडी मिळेल त्या भावात द्यायला निघाला होता. डोंबिवलीत रुळांलगतच्या गल्लीत त्याची पांढरी गाडी चार वर्षं जवळजवळ एकाच जागी उभी होती. बोनेटवर, टपावर, डिकीवर हळदीच्या शिंतोड्यांसारखे शेकडो ठिपके. पत्रा आतून गंजतो तेव्हा रंगाखाली फोड येतो, रंग उचलला जातो, बोटाला उंचवटा लागतो. इथे तसं काही नव्हतं. हाताला लागत होते ते फक्त वाळूसारखे टोचरे कण.

हे कण बाहेरून येऊन रुतलेले असतात. चाक, रूळ आणि ब्रेक एकमेकांवर घासले की लोखंडाचा अगदी बारीक कीस उडतो. तो तापलेला असतो, गाडीवर पडतो, रंगात चिकटून बसतो आणि दमट हवेत गंजतो. काळ्या, करड्या गाडीवरही तो असतोच, तिथे डोळ्यांना दिसत नाही इतकंच. रेल्वेपासून लांब असलेल्या गाड्यांवरही ब्रेकचा असा कीस बसतो, विशेषतः मागच्या बाजूला.

तो काढायला आयर्न रिमूव्हर नावाचं द्रावण मिळतं. सावलीत, थंड पत्र्यावर, हातमोजे घालून फवारायचं. भावाच्या टपावर फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळा रंग फुटला आणि ओघळ काचेवरून खाली आले. तो घाबरलाच. द्रावणातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जोडलं गेलं की हा रंग येतो. केस काढायच्या क्रीममध्येही याच जातीचं रसायन असतं, म्हणून वासही तसाच उग्र. वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं. आम्ही दोनदा केलं, मग शॅम्पूच्या पाण्यात भिजवून क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ वडी, फिरवला. नव्वद टक्के ठिपके मशीनला हात न लावता गेले. पत्रा शाबूत होता.

आता ‘थर निघून जातो’ हा मुद्दा. यात तथ्य आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. पॉलिश म्हणजे बारीक घासणंच. प्रश्न आहे किती घासलं जातं याचा. झेरॉक्सचा कागद साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, जाड असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर, सगळ्यात खालच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत, मिळून बहुधा तेवढेच किंवा थोडे जास्त भरतात. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. बारीक पॉलिशच्या एका कामात साधारण एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंडने, म्हणजे भरड दाण्याच्या लेपाने (यालाच रबिंग म्हणतात), त्याहून जास्त. म्हणजे एकदा नीट केलेल्या पॉलिशने रंग संपत नाही. पण दर सहा महिन्यांनी ‘रबिंग मारून द्या’ म्हणत राहिलात तर नक्की संपेल. उन्हापासून राखणारी द्रव्यं क्लिअर कोटमध्येच असतात. तो पातळ झाला की काही वर्षांनी पापुद्रे सुटायला लागतात. वर्षातून दोनदा रबिंग करून घेणाऱ्यांना मी म्हणूनच कळकळीने सांगतो, थांबा.

पॅड पांढरं होण्याचं कारण मात्र मेसेज लिहिणाऱ्याला समजलेलं नाही. बऱ्याच साध्या पांढऱ्या गाड्यांवर, विशेषतः जुन्या, क्लिअर कोट नसतोच. रंग आणि चकाकी एकाच थरात असतात. पांढरेपणा येतो टिटॅनियम डायऑक्साइडच्या कणांमुळे. वर्षानुवर्षं ऊन लागलं की या कणांच्या पृष्ठभागावर जी रासायनिक क्रिया चालते, ती भोवतालचं रेझिन, म्हणजे कणांना धरून ठेवणारा भाग, हळूहळू खाते. रेझिन गेलं की कण मोकळे पडतात आणि गाडीवर खडूसारखी भुकटी धरते. टपावर हात फिरवा, बोटं पांढरी होतात. पॅडवर येते ती बरीचशी ही मेलेली भुकटी, आणि ती निघायलाच हवी. तिच्याखाली रंग धड असतो.

पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला रंग लागला तर तो थर फाटला, असं समजायचं. लाल गाडीवर पॅड लाल झालं की कारागीर लगेच थांबतो. पांढऱ्या गाडीवर पॅड पांढरं, कंपाउंडही बहुतेक वेळा पांढरंच, त्यामुळे कळायला मार्ग नसतो. म्हणून मशीन लावण्याआधी भिजवलेलं काळं कापड, काहीही न लावता, टपाच्या एका कोपऱ्यावर घासून बघा. कापडाला पांढरं लागलं तर बहुधा एकाच थराचा रंग आहे. आणि जाडी मोजायचा मीटर हातात असल्याशिवाय कुणालाही मशीन लावू देऊ नका. भावाच्या गाडीचा टप ११० मायक्रॉनच्या आसपास भरला आणि मागचं डावं दार २४०, म्हणजे ते कधीतरी पुन्हा रंगवलेलं. प्लास्टिकच्या बंपरवर हा साधा मीटर चालत नाही, तिथे हात हलकाच ठेवायचा.

ओरखडे दिसत नाहीत म्हणतात. भर दुपारी नाही दिसत, खरं आहे. रात्री टॉर्च तिरका धरा, कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. गाडी मळकट, पिवळसर, म्हातारी दिसते त्यात या वर्तुळांचाही वाटा असतो. आणि ती पाडतो कोण? रोज सकाळी एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने वीस गाड्या पुसल्या जातात, त्या फडक्यातला धुरळा पाडतो. पुसणाऱ्याचा यात दोष नाही. त्याला दुसरं फडकं आणि दुसरी बादली आपण द्यायला हवी.

टूथपेस्टमध्येही घासणारी पूडच असते, सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. मशीनने थर जातो म्हणून भ्यायचं आणि त्याच रंगावर दातांसाठी बनवलेली पूड हाताने रगडायची, हे एकाच मेसेजात कसं बसतं? पॉलिशमधल्या पुडीचा दाणा ठरवून घेतलेला असतो, सोबत ओलसरपणा टिकवणारं तेल असतं. टूथपेस्ट दोन मिनिटांत वाळते आणि बोटांच्या दाबाप्रमाणे पट्टे उमटतात.

रॉकेल-डिझेलची चमक म्हणजे तेलाचा पातळ पापुद्रा. तो ओरखडे बुजवतो, दोन दिवस गाडी छान दिसते, मग त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ रंगावर घासली जाते. दारांची रबरंही तेलाने फुगतात. आणि दारात पणत्या लागलेल्या असताना गाडीवर रॉकेल फिरवायचा सल्ला कुणी वाचू नये असं मला मनापासून वाटतं.

भावाच्या गाडीचं पुढचं काम आम्ही दोघांनी दोन रविवारांत केलं. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन वापरलं, ज्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही, कारण जास्त दाबलं तर ते फिरायचं थांबतं. रोटरी, म्हणजे नुसती गोल फिरणारी मशीन, नवशिक्याच्या हातात कडेचा रंग जाळून काढते. कडांना मास्किंग टेप, एका वेळी दोन फुटांचा चौकोन, आधी उभे मग आडवे हात. पहिल्या चौकोनानंतर टेप काढली तेव्हा एका बाजूला मळका चुन्याचा रंग आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या इमारतीच्या गॅलऱ्या स्पष्ट उमटलेल्या. भाऊ बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभा होता.

बोनेटच्या पुढच्या कडेला एक लांब ओरखडा होता, नख अडकेल इतका. तो घालवायला मशीन लावायची त्याची फार इच्छा होती. तिथे मीटरवर आकडा आला ७२. मी बटण बंद केलं. तो ओरखडा अजून तिथेच आहे.