पास झाला म्हणजे लागू झाला?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर काल रात्री सुऱ्याने मोबाइल पुढे केला. "बघा, नवं विधेयक विधानसभेत मंजूर! उद्यापासून कायदा."

"उद्यापासून कोण म्हणालं?" शिरीषकाकांनी लगेच हटकलं. काकांची नोकरी मंत्रालयात गेली. "अजून परिषद आहे. मग राज्यपाल. ते सही करतील, परत पाठवतील, नाहीतर राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतील. राज्यघटनेचं कलम 200. सही झाली की राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट. कायद्यात तारीख दिलेली नसेल तर संमती राजपत्रात छापून येते त्या दिवसापासून तो लागू. 1904 पासून मुंबई इलाख्याचा हाच नियम."

"आणि तारीख सरकार ठरवणार असं लिहिलं असेल तर?" मीनलने विचारलं.

"तर अधिसूचना निघेपर्यंत थांबायचं."

सुऱ्या गप्प झाला. का, ते आम्हाला माहीत होतं.

त्याचं गाव रायगडात, किनाऱ्यावर. गावकीने त्याच्या चुलत्याला वाळीत टाकलं होतं. दुकानात मीठ मिळेना. आजी गेली तेव्हा गावातलं एक माणूस पुढे आलं नाही, खांदा द्यायला आम्ही मुंबईहून गेलो. एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, तेव्हा याच कट्ट्यावर सुऱ्याने पेढे वाटले होते. त्या आठवड्यात चुलता बातमीचं कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेला. ठाणे अंमलदाराने ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "काका, हा अजून आमच्याकडे आलेला नाही." अंमलदार चुकला नव्हता. विधेयकाला अजून राष्ट्रपतींची संमती मिळायची होती. कायदा लागू झाला 3 जुलै 2017 ला. जवळजवळ पंधरा महिन्यांनी.

"फौजदारी विषय समवर्ती सूचीतला," काका म्हणाले. "केंद्राच्या कायद्याशी कुठे विसंगती निघाली, तर राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय राज्याचा कायदा टिकत नाही. शिवाय नियम करायचे, अधिकारी नेमायचे. घाईत आणलेला कायदा कोर्टात आपटतो, मग तुझ्या चुलत्याच्या हाती काय राहणार?"

"घाई जमते हो, मनात असलं की," मीनल उसळली. "20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाला. जादूटोण्याविरुद्धचा वटहुकूम आठवड्याच्या आत निघाला."

"वटहुकूम म्हणजे कलम 213. सभागृह बसल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. डिसेंबरात विधेयक मंजूर झालं म्हणून तो टिकला. आणि मसुदा कित्येक वर्षं तयार पडून होता, हे विसरू नकोस."

"मग महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक?" मी विचारलं. "डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर. राष्ट्रपतींकडे गेलं आणि तिथेच अडकलं."

यावर काका काही बोलले नाहीत.

"त्या पंधरा महिन्यांत चुलत्याला छळलं, त्याची शिक्षा?" सुऱ्याने विचारलं.

"या कायद्याखाली नाही," काका हळू आवाजात म्हणाले. "कलम 20. कृत्य केलं तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी मागाहून शिक्षा देता येत नाही. 3 जुलैनंतरही बहिष्कार चालू ठेवला असेल, तर मात्र तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड."

कलम 20 मला मान्य आहे. ते नसेल तर उद्या कुणालाही काल केलेल्या गोष्टीसाठी आत टाकता येईल. जयपूर संस्थानातला एक अफूचा कायदा कुठेच प्रसिद्ध केला नव्हता. त्याखाली एका माणसाला 50 रुपये दंड झाला. सुप्रीम कोर्टाने 1951 मध्ये तो दंड रद्द केला, कारण लोकांना कळवलाच नाही तो कायदा कसला? माझं भांडण त्याच कळवण्याबद्दल आहे. मंजुरीची बातमी पहिल्या पानावर येते, लागू झाल्याची तारीख राजपत्रात राहते. मधल्या काळात चुलत्यासारखी माणसं कात्रण घेऊन ठाण्यात जातात आणि परत येतात. मंजुरी जाहीर करणाऱ्या मंत्र्याने त्याच दमात सांगावं की हा अजून लागू नाही. ही त्याची जबाबदारीच आहे.

काका वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी सुऱ्याचा मोबाइल मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि विधेयकाचं पहिलं कलम शोधून मोठ्याने वाचलं. "तो, राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल."

"म्हणजे तारीख नाही," सुऱ्या म्हणाला. उद्यापासून कायदा लागू असा मेसेज त्याने गावच्या ग्रुपवर टाकला होता. तो आधी काढला आणि मग चुलत्याला फोन लावला.