सोनं नेमकं कुठलं?

तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'सोन्यासारखी जड मूलद्रव्यं सुपरनोव्हात (म्हणजे भारी ताऱ्याच्या अखेरच्या स्फोटात) तयार होतात' हे वाक्य आता जुनं झालंय. आम्हीही तेच शिकलो होतो म्हणा!

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या भारी ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातली सूक्ष्म थरथर, टिपल्या. जेमतेम १.७ सेकंदांनी फर्मी या अवकाश दुर्बिणीला गॅमा किरणांचा झोत दिसला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेत मग जो प्रकाश सापडला, तो आधी निळसर होता आणि काही दिवसांतच लाल होत गेला. हीच किलोनोव्हा.

मला खरी गंमत वाटते ती सिद्धांतवाल्यांची. ली-शिन ली आणि बोहदान पाचिन्स्की यांनी असा उजेड दिसेल, हे १९९८ मध्येच मांडलं होतं. २०१० मध्ये ब्रायन मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी त्याचं तेज साध्या नोव्हाच्या (ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या छोट्या स्फोटाच्या) हजारपट काढलं, म्हणून नाव किलोनोव्हा. बाहेर फेकलेल्या द्रव्यातली अणुकेंद्रकं भराभर न्यूट्रॉन गिळून जड होतात (सोनंही असंच बनतं), मग त्यांच्या किरणोत्सारी क्षयातून ते द्रव्य तापतं आणि चमकतं. त्यात लँथनाइड (लँथॅनमच्या गटातली जड मूलद्रव्यं) असतील तर निळा प्रकाश अडतो, उरतो तो लाल. म्हणजे रंगावरून आत काय शिजलंय ते कळतं.

सगळं सोनं टकरींतूनच आलं, असंही मात्र ठामपणे म्हणता येत नाही. वेगाने फिरणारे भारी तारे कोसळतानाही ते बनत असावं, असं काहींचं गणित सांगतं. त्यावर वाद चालू आहे. पुढचा लेख त्यावर लिहाच.