वरिष्ठ स्तर म्हणजे अपिलाचं कोर्ट नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

दिवाणी न्यायाधीशांच्या कोर्टांचे कनिष्ठ आणि वरिष्ठ असे दोन स्तर असतात, आणि वरिष्ठ स्तर हे कनिष्ठ स्तराविरुद्धच्या अपिलाचं कोर्ट नव्हे, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘कनिष्ठ स्तरावर हरलेला माणूस वरिष्ठ स्तराकडेच जाणार, नाहीतर त्याला वरिष्ठ का म्हणायचं? तुम्ही लोकांची दिशाभूल करताय,’ असं तुम्ही लिहिलंत. जोडीला काकांचं उदाहरण दिलंत. धायरीतली दीड कोटीची जागा, शेजारी वहिवाटीला अडथळा करतो म्हणून मनाईचा दावा, आणि वकिलांनी तो लावला कनिष्ठ स्तरावर. तुमची काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कनिष्ठ स्तराच्या निकालावरचं अपील जिल्हा न्यायालयात जातं. वरिष्ठ स्तराच्या निकालावरचं अपील दाव्याच्या रकमेप्रमाणे जिल्हा न्यायालयात किंवा थेट उच्च न्यायालयात. म्हणजे दोन्ही स्तर मुळात दावा दाखल करण्याची कोर्टं आहेत, आणि पुण्यात शिवाजीनगरला दोन्ही एकाच आवारात चालतात. १८६९ च्या दिवाणी न्यायालय कायद्याने त्यांच्यात अधिकाराची वाटणी केली आहे. कनिष्ठ स्तराला रकमेची मर्यादा आहे. २०११ च्या दुरुस्तीने ती पाच लाख झाली. वरिष्ठ स्तराला मर्यादाच नाही. मग लहानमोठे सगळेच दावे तिथे का लावू नयेत? कारण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५ सांगतं की जे सर्वांत खालच्या पायरीचं कोर्ट तो दावा चालवू शकतं, तिथेच तो दाखल करायचा.

आता काकांचा दावा. इथे जागेचा बाजारभाव बघायचा नसतो, काय मागितलंय ते बघायचं असतं. काकांनी ना मालकी ठरवून मागितली, ना ताबा परत मागितला. नुसता मनाई हुकूम मागितला, आणि अशा मागणीचं मूल्यांकन हजार रुपयांवर होतं, म्हणजे पाच लाखांच्या मर्यादेच्या खूप आत. वादपत्राच्या, म्हणजे दावा ज्या लेखी अर्जाने दाखल होतो त्याच्या, शेवटाकडे मूल्यांकन आणि कोर्ट फीचा परिच्छेद असतो, तो वाचा. दाव्याच्या नंबराआधी ‘रे. मु. नं.’ (रेग्युलर मुकदमा नंबर) असेल, तेच वरिष्ठ स्तरावर ‘स्पे. मु. नं.’ (स्पेशल मुकदमा नंबर) दिसलं असतं. वाटपाच्या दाव्यातही हेच: अख्ख्या वाड्याची किंमत नाही, मागणाऱ्याच्या हिश्श्याची धरतात.

एक गोष्ट मात्र रकमेवर अवलंबून नाही. राज्य सरकार किंवा त्याचा अधिकारी पदाच्या नात्याने पक्षकार असेल, तर दावा कितीही किरकोळ असो, तो वरिष्ठ स्तराकडेच जातो. त्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. तहसीलदारांना उगाच प्रतिवादी करून ठेवलं की काय होतं, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

उलट काही वाद रक्कम मोठी असूनही वरिष्ठ स्तराकडे येत नाहीत. पुण्यात घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात, घरमालक-भाडेकरूंचे दावे लघुवाद न्यायालयात. व्यापारी वादांचीही वेगळी कोर्टं आहेत.

तेव्हा दावा ‘वर’ नेण्यासाठी काकांना वकील बदलायला लावू नका. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज कुठवर आलाय ते आधी विचारा. तो नामंजूर झाला तर अपिलाची मुदत फार नसते, आणि ते अपील जिल्हा न्यायालयात करायचं असतं.