एकशे त्रेपन्न मासे कोणी मोजले? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते. लिहिलं आणि सगळं पुसून टाकलं, कारण ते रागाच्या भरात लिहिलं होतं. आठवडा उलटला, आता पुन्हा बसते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं मागचं सांगते. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला एकविसावा अध्याय वाचतात. शिष्यांची रात्र फुकट गेलेली असते. पहाटे किनाऱ्यावर उभा असलेला येशू उजवीकडे जाळं टाकायला सांगतो, आणि जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात. त्यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की या आकड्यात मला गूढ काही दिसत नाही, कोणीतरी बसून ते मासे मोजले एवढंच दिसतं. मग वसईच्या बंदरावरच्या मोजणीचं आणि आईचं पुराण लावलं होतं. सरांनी तीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतलेत आणि त्यांना हे वाचून वाईट वाटलं. संत ऑगस्टिनने या आकड्याचा अर्थ उलगडून ठेवला असताना मी ‘देवाच्या वचनाचा मासळीबाजार’ केला, चमत्काराचा हिशेब करून टाकला, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्याआधी ऐन उपवासकाळात, म्हणजे पास्काआधीच्या चाळीस दिवसांत, मी बोंबलाच्या आंबटावर लिहिलं, तेही त्यांना खटकलं.

सर, पहिल्यांदा माझी चूक. ‘पंडितांना दुसरा उद्योग नव्हता’ असं एक वाक्य मी लेखात टाकलं होतं. ते उर्मट होतं, काढून टाकलंय. ऑगस्टिनचं गणित मला ठाऊक आहे: दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दानं मिळून सतरा, आणि एक ते सतरापर्यंतचे सगळे आकडे मिळवले की बरोबर १५३. मी कागदावर करून पाहिलं, येतं. संत जेरोमचा मार्ग वेगळा. जुन्या जाणकारांनी माशांच्या १५३ जाती सांगितल्यात असं तो लिहितो, म्हणजे जाळ्यात सगळं जग आलं. दोन्ही अर्थ सुंदर आहेत. पण दोन थोर संतांचंच या आकड्यावर एकमत नाही, तर तिसरीने कोळणीच्या नजरेने पाहिलं म्हणून पाप कसं लागेल? आणि उत्तर आफ्रिकेतलं हिप्पो, जिथे ऑगस्टिन बिशप होता, ते बंदराचंच गाव. त्याची योहानावरची प्रवचनं ऐकायला बसलेल्यांत हाताला खवलं चिकटलेली माणसं नसतील असं मला तरी वाटत नाही.

आता मोजणीचं. जवळा, करंदी कोणी मोजत बसत नाही, ती टोपलीवर जाते. मोजतात ती मोठी मासळी: घोळ, दाढा, पापलेट. योहानही ‘मोठे मासे’ असंच लिहितो. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो तिथे का आहे हे मला कळलं ते कुठल्याही भाष्यातून नाही, बंदरावर. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. होडी लागली की त्यांचं काम संपायचं आणि आईचं सुरू व्हायचं. गुडघाभर चिखलात पदर खोचून ती उभी राहायची आणि दोन्ही हातांत एकेक पापलेट घेऊन टोपलीत टाकायची. पहिल्या जोडीला ‘एक’ नाही म्हणायची, ‘लाभ’ म्हणायची. दहा जोड्या झाल्या की एक कोडी, आणि कोडीमागे एक शिंपली बाजूला. शिंपल्या सांभाळायचं काम माझं. एकदा खेळता खेळता त्यातली एक मी समुद्रात भिरकावली, तेव्हा भर बंदरात पाठीत धपाटा मिळाला होता. आईला अक्षर येत नाही, पण तिची कोडी कधी चुकली नाही. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचे वाटे, सगळं त्या शिंपल्यांवर ठरायचं. कोडी भरून वर जी सुटी मासळी उरायची, ती वाट्यात धरायची नाही असा तिचा स्वतःचा नियम होता. ती आमच्या गल्लीतल्या एका घरी जायची. त्या घरातला माणूस समुद्रावर गेला होता आणि परत आला नव्हता.

तुम्ही म्हणता, चमत्काराचा हिशेब करणं म्हणजे श्रद्धा नसणं. मला नेमकं उलटं वाटतं. स्वप्नातले मासे कोणी मोजत नाही. हाताला ओले, जड लागतात तेच मोजतात. त्या सकाळी शिष्यांनी मोजले म्हणूनच मला ती सकाळ खरी वाटते.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं, तेव्हा बाबा समुद्रात होते. त्या संध्याकाळी बंदरावर जमलेल्या बाया रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत होत्या आणि मोजतही होत्या. पाण्यात एकेक दिवा दिसायचा, कोणीतरी आकडा म्हणायचं, मग पुन्हा ‘नमो मरिये’. दोन्ही एकाच तोंडाने चाललं होतं. आमची होडी उशिरा आली, पण आली. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे कितीतरी खलाशी परतले नाहीत. त्यांच्याही घरी प्रार्थना झाली असणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते आहे असं भासवणारं प्रवचन मला ऐकवत नाही. हे मी मागेही लिहिलं होतं आणि तेव्हाही तुम्ही रागावला होता.

मासळीबाजाराचं म्हणाल तर लूकच्या शुभवर्तमानाकडे बघा. पुनरुत्थित येशू दिसला तेव्हा शिष्यांना वाटलं भूत आहे. त्याने काय केलं? खायला काही आहे का विचारलं आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. येशूचं शरीर नुसता भास होता असं म्हणणारे आभासवादी चर्चने पाखंडी ठरवले. ‘शब्द देही झाला’ हे आपण मानतो, तर देहाला वास असतो हेही मानावं लागेल, सर. योहानाच्या त्याच अध्यायात किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, बाजूला भाकर आहे. आपल्या मराठी बायबलात ब्रेड नाही, भाकर आहे, हे मला फार आवडतं. आणि कोळशांचा विस्तव या शुभवर्तमानात त्याआधी एकदाच येतो: मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे येशूला पकडल्यावर शेकत उभा असताना त्याच्या शिष्याने, पेत्राने, ‘मी त्याचा नव्हे’ म्हटलं होतं. येशू पेत्राला पुन्हा तसल्याच विस्तवापाशी बोलावतो आणि आधी जेवू घालतो. ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हा प्रश्न न्याहरी झाल्यावर येतो. त्या धुराचा वास पेत्राच्या नाकात गेला असेल तेव्हा त्याला काय झालं असेल? मासळी बाजूला काढून हा अध्याय कसा वाचायचा ते मला जमत नाही.

उपवासकाळाचं मात्र तुमचं अर्धं पटलं. मांस वर्ज्य करून मासे खाणं हा कोळ्याच्या घरी त्याग नव्हे, उलट चंगळच. आईला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून चाळीस दिवस ती मिशेरी सोडायची. दुसऱ्या आठवड्यापासून घरात तिच्यासमोर उभं राहायची कोणाची टाप नसायची. बाबा म्हणायचे, प्रायश्चित्त तिचं आणि भोगतोय आम्ही. तेव्हा आंबटाचा लेख मी पास्कानंतर टाकायला हवा होता, मान्य. तो काढणार मात्र नाही.

देवाविषयी घरगुती बोलीत लिहू नये, हे तुमचं म्हणणं मी सोडून देते. फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण त्यांनी मराठी ओवीत रचलं. आपण तर इथलेच.

काल संध्याकाळी तुमची प्रतिक्रिया मी आईला वाचून दाखवली. वलांडीवर (मासळी वाळवायच्या मांडवावर) वाळत घातलेले बोंबील काढून ती नुकती टेकली होती. ऑगस्टिनचं सतराचं गणितही समजावलं. तिने मान डोलावली, मग बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, ‘सात कोड्या न् वर तेरा. ते तेरा कोणाच्या घरी गेले, ते लिवलंय का?’

मी पुन्हा अध्याय उघडून पाहिला. नाही लिहिलेलं. तुमच्या वाचनात कुठे आलं असेल तर कळवा, तिला सांगायचं आहे.