काढलंच आहे तर…

इंजिन गाडीतून उतरवून साखळीला टांगलं की बघे जमतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार शेजारच्या काकांबद्दल आहे आणि ती अजून ताजी आहे.

काकांनी नवं ऑइल सील, म्हणजे तेलगळती अडवणारी रबरी कडी, दोन बोटांत धरून न्याहाळलं. "एवढ्याशा रबरासाठी एवढं लोखंड उतरवलंस?"

"काका, ते फ्लायव्हीलच्या, त्या जड चाकाच्या, मागे बसतं. नुसतं तेवढंच नाही, बाकीही…"

"मग स्टँडवर लाव की. लोंबकळत कशाला ठेवलंयस?"

प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच झोंबला. स्टँड इंजिनाच्या त्याच तोंडाला बोल्टने आवळावा लागतो जिथे गिअरबॉक्स बसतो. तो लागला की सील आणि फ्लायव्हील दोन्ही झाकली जातात. म्हणून मागचं काम टांगलेल्या अवस्थेतच उरकायचं. जुन्या सीलने क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर, चर पाडलाय का, ते नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर, जागा असेल तिथे, नवं सील एखादा मिलिमीटर मागेपुढे बसवायचं, म्हणजे त्याची ओठाळी (क्रँकला टेकणारी कड) कोऱ्या जागेवर येते. ओठाळी रबराची असेल तर तेलाचं बोट, टेफ्लॉनची असेल तर एकदम कोरडी. हे उलटं झालं की पुन्हा गळती आणि पुन्हा काका.

"बरं, काढलंच आहे तर पिस्टन रिंगाही टाकून घे."

हा 'काढलंच आहे तर' जुन्या इंजिनाचा खरा शत्रू. गाडीत असताना हात पोचत नाही ते बदलावं: पुढचं-मागचं सील, चेंबरचं (खालच्या तेलाच्या टाकीचं) पॅकिंग, गंजलेले कोअर प्लग, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, माउंटिंगची रबरं. पण उतरवण्याआधी, गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घेतलेलं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आणि रिंगा हवा किती दाबतात ते माप, चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांच्या आत जुळत असेल आणि तेलही जळत नसेल, तर रिंगांसाठी इंजिनाचं वरचं हेड का उचकटायचं? काकांचं उत्तर: "मनाला समाधान."

मी टायमिंग बेल्ट चढवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवत होतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, एक होतो, म्हणून खुणा जुळतात की नाही ते तेव्हाच कळतं. मागून आवाज आला, "झालं! लावून दिले."

पुढच्या कव्हरचे बोल्ट मी पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून, ज्याच्या त्याच्या भोकात खोचले होते. ते सगळे काढून काकांनी शाळेच्या कवायतीसारखे उंचीप्रमाणे ओळीत उभे केले होते.

"काका, ते जागेप्रमाणे होते!"

"अरे, पण वेडेवाकडे दिसत होते."

आता लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, कव्हर सैल राहतं आणि ठरलेल्या जोराला आवाज करणारा टॉर्क रेंच मात्र खुशाल 'टक' म्हणतो. जास्त आवळला तर ॲल्युमिनियम तडकतं. आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि ते आटे उपटून हातात देतो. म्हणून काल संध्याकाळ व्हर्निअर घेऊन प्रत्येक भोकाची खोली मोजण्यात गेली. तेही जमलं असतं. पण एकाच लांबीच्या बोल्टांपैकी एकाचं भोक थेट पाण्याच्या जाकिटात (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत) उघडतं आणि त्याच्या आट्यांना सीलंट लागतं. त्यावर मी केलेली मार्करची खूण काकांनी पेट्रोलने पुसून चकचकीत केली आहे.