ध्यानाची हजेरी घेऊन कामात मन गुंतत नाही

‘रोज सकाळी दहा मिनिटे सामूहिक ध्यान आणि प्रार्थना ठेवा, माणसे कामात आपोआप गुंततील, कुरकुर थांबेल आणि एकोपाही वाढेल,’ अशा आशयाचा संदेश पुण्यातील हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतील एचआर मंडळींत मोठ्या श्रद्धेने फिरतो आहे. ध्यानावर माझा विश्वास आहे, म्हणूनच हा दावा मला खोडून काढावासा वाटतो.

ध्यान म्हणजेच कार्यस्थळावरील अध्यात्म, हे त्यातील गृहीतकच अपुरे आहे. अ‍ॅशमॉस आणि ड्युशॉन या संशोधकांच्या २००० सालच्या मांडणीत आंतरिक जीवनाइतकेच अर्थपूर्ण कामाला आणि सहकाऱ्यांमधील आपलेपणाला स्थान आहे. कामाचा अर्थ आणि आपलेपणा मात्र ध्यानवर्ग भरवून विकत मिळत नाहीत.

‘आपोआप गुंततील’ हे तर त्याहून धाडसाचे विधान आहे. अध्यात्म आणि एंगेजमेंट, म्हणजे कामात मन गुंतणे, यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, हे खरे. परंतु त्यांपैकी बरेचसे अभ्यास एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे असल्याने, अर्थ सापडला म्हणून माणूस गुंतला की गुंतला म्हणून त्याला अर्थ जाणवला, हे त्यांवरून ठरत नाही. हॅफेनब्राक आणि वोस या संशोधकांच्या २०१८ मधील प्रयोगांत तर थोड्या वेळाच्या ध्यानानंतर समोरचे काम करण्याची इच्छा कमी झालेली आढळली. कामाचा दर्जा मात्र घसरला नव्हता. संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा माइंडफुलनेससारख्या (सजगतेच्या सरावासारख्या) उपक्रमांत भाग घेणारे इतरांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे दिसले नाही. स्वयंसेवी कामाचा अपवाद तेवढा आढळला, आणि ते काम दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचे असते, हे मला महत्त्वाचे वाटते.

कुरकुर थांबणे हे गुंतल्याचे लक्षणही नव्हे. संशोधक विल्यम कान यांनी १९९० मध्ये गुंतण्यासाठी अर्थ, मानसिक सुरक्षितता आणि अंगात उरलेली शक्ती अशा तीन अटी सांगितल्या. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री उशिरापर्यंत कॉल घेऊन सकाळी वाकडच्या कोंडीतून आलेल्या माणसाकडे ही शक्ती उरत नाही, आणि तसे साहेबांना निर्भयपणे सांगता येणे हीच ती सुरक्षितता आहे.

राहिला प्रार्थनेने एकोपा वाढण्याचा मुद्दा. वरिष्ठांसमोर हजेरी लागत असेल, तर वेगळ्या श्रद्धेच्या किंवा श्रद्धा नसलेल्या सहकाऱ्याला नकार देता येत नाही, आणि कंत्राटी सुरक्षारक्षक व सफाई कर्मचारी त्या वर्तुळात बहुधा नसतातच. ज्यांना हवे त्यांच्यासाठी एक शांत खोली उघडी ठेवावी, हजेरी घेऊ नये, आणि त्या खोलीत कंत्राटी माणसांनाही मुभा असावी.